बंदर नसलं म्हणून काय झालं?

जहाजांतल्या पाण्यातून परके जीव दूरवर पसरतात, या विषयावर “नाशिकला बंदर नाही, मग आपल्याला काय त्याचं?” असं कुणी विचारलंय. अहो, गोदावरीतली पाणवेली मूळची दक्षिण अमेरिकेतली! तिला मात्र जांभळ्या फुलांवर भाळून माणसांनीच पसरवलं. झेब्रा शिंपल्याचं तसं नाही. रिकामं जहाज तोल राखायला टाक्यांत पाणी घेतं आणि माल चढवताना ते दुसऱ्या बंदरात ओततं. त्यातूनच काळ्या समुद्राकडचा हा नखाएवढा जीव उत्तर अमेरिकेच्या महासरोवरांत पोचला. १९८८ मध्ये सापडला, तोवर उशीर झाला होता. पुढे पाणीपुरवठ्याचे पाइपच तुंबले. जहाजांतल्या या पाण्याबाबतचा जागतिक करार लागू झाला थेट २०१७ मध्ये! आमच्याकडे तर काढलेली पाणवेली काठावरच पडून असते, पहिल्या पुराबरोबर परत नदीत, आणि तिथून खाली नांदूरमध्यमेश्वर पक्षी अभयारण्याकडे.