मदत हवी आहे: केअर यादी बंद झाल्यानंतर छापलेला शोधनिबंध कॅस पदोन्नतीसाठी कसा धरतात?

नमस्कार. मी एका राज्य विद्यापीठात फायनान्स शिकवते. सहायक प्राध्यापक, वेतनश्रेणी लेव्हल १२. आता १३ए, म्हणजे सहयोगी प्राध्यापकपदासाठी कॅसची (शिक्षकांच्या पदोन्नती योजनेची) फाइल तयार करते आहे. पीएच.डी., सेवेची वर्षं, कोर्स, पीएच.डी. मार्गदर्शन हे सगळं बसतं, त्यामुळे तो प्रश्न नाही.

यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१८ च्या नियमांप्रमाणे विद्यापीठातल्या शिक्षकाला किमान ७ प्रकाशनं लागतात आणि त्यातली ३ मूल्यांकन काळातली. या तिनांपैकी माझा तिसरा पेपर (बँकांच्या थकीत कर्जांवरचा) स्वीकारला गेला तेव्हा जर्नल केअर यादीत, म्हणजे यूजीसीच्या मान्य जर्नलच्या यादीत होतं. यूजीसीने फेब्रुवारी २०२५ मध्ये यादी बंद केली आणि पेपर छापून आला त्यानंतर. जर्नल पीअर रिव्ह्यूड आहे (पेपर विषयातल्या तज्ज्ञांकडून तपासून घेतात), पण स्कोपस या आंतरराष्ट्रीय जर्नल-सूचीत नाही.

आयक्यूएसीला (विद्यापीठाच्या अंतर्गत गुणवत्ता कक्षाला) विचारलं, तर विद्यापीठाचं परिपत्रक येईपर्यंत थांबा म्हणाले. यूजीसीने जर्नल निवडीसाठी दिलेले निकष वाचले, पण ते फक्त सूचक आहेत आणि अंतिम ठरवणार विद्यापीठच. नवा पेपर लिहून पाठवा, असं कृपया सुचवू नका. आमच्या विषयात चांगल्या जर्नलचा निकाल यायलाच वर्ष जातं आणि तोवर मुदत संपेल.

फेब्रुवारी २०२५ नंतर ज्यांची कॅसची मुलाखत झाली, त्यांनी सांगावं: छाननी समितीने स्वीकृतीची तारीख धरली की प्रकाशनाची? आणि पीअर रिव्ह्यूचा पुरावा म्हणून संपादकांचं पत्र चाललं, की परीक्षकांचे अभिप्रायही जोडावे लागले?