‘ओसाड’, ‘बेचिराख’ की ‘उठलेलं गाव’? हॅम्प्टन गेच्या निमित्ताने

प्रश्न

नमस्कार मंडळी. ऑक्सफर्डच्या उत्तरेला चारवेल नदीकाठी हॅम्प्टन गे नावाचं एक चिमुकलं गाव आहे. त्याचा इतिहास मराठीत लिहायला घेतलाय. कुरणात एकटं उभं असलेलं सेंट जाइल्सचं चर्च, जवळच जळक्या वाड्याच्या भिंती आणि गवताखाली उंचवटे नि खोलगट वाटा. त्या वाटांच्या कडेला मध्ययुगात घरं होती. वस्ती गेली, पण गाव पुरतं संपलं नाही, थोडी घरं आजही नांदती आहेत. अशा गावाला काय म्हणावं? ‘परित्यक्त ग्राम’ वाचून मला काहीच डोळ्यांसमोर येत नाही. आणि जुन्या नोंदींतले आकडे सरसकट ‘लोकसंख्या’ म्हणून द्यावेत का?

प्रतिसाद

‘ओसाड गाव’. सगळ्यांना कळतं, शोधाशोध कशाला?

प्रतिसाद

दादा, ‘ओसाड’ला माझी हरकत आहे. ओसाड म्हटलं की जमीन कसणारं, वापरणारं कोणी उरलं नाही असं वाटतं. हॅम्प्टन गेची जमीन कधीच ओस पडली नाही. तिथे मेंढ्या चरत होत्या, आणि माणसं हटण्यामागे त्या मेंढ्यांचाही हात होता!

हे जरा सविस्तर सांगते, कारण शब्द त्यावरच ठरेल. इथली जमीन ऑझ्नीच्या मठाकडे होती. आठव्या हेन्रीने मठ मोडले आणि १५४४ मध्ये ती बॅरी घराण्याने विकत घेतली. त्यांनी वाडा बांधला आणि नांगराखालची शेतं कुंपणं घालून मेंढ्यांच्या कुरणांत घेतली. लोकरीला भाव होता, शिवाय मेंढ्या राखायला मोजकी माणसं पुरतात. ज्यांचा नांगर सुटला त्यांनी काय खायचं? त्यात १५९० च्या दशकात लागोपाठ पिकं बुडाली आणि धान्य कडाडलं.

१५९६ च्या नोव्हेंबरात बार्थोलोम्यू स्टीयर नावाच्या सुताराने जवळच्या एन्स्लो टेकडीवर लोकांना जमायला सांगितलं. कुंपणं उपटायची, जमीनदारांना ठार करायचं आणि लंडन गाठायचं असा बेत होता. हॅम्प्टन गेचा गिरणीवाला रॉजर इबिल त्यात सामील होता. गिरणीवाल्याकडे गावोगावचं गिऱ्हाईक, त्यामुळे निरोप पोचवायला त्याच्यासारखा माणूस नाही. पण ठरल्या रात्री टेकडीवर मूठभरच माणसं आली. म्होरके पकडले गेले, पुढे दोघांना फाशी झाली. सरकार मात्र हादरलं. १५९७ मध्ये पार्लमेंटने नांगराखालची जमीन टिकवण्यासाठी कायदा केला.

आता सांगा, याला नुसतं ‘ओसाड’ म्हणून कसं भागेल? आपल्याकडे धरणात गेलेल्या वस्तीला आपण ‘गाव उठलं’ म्हणतो. त्यात उठवणारा कोणीतरी आहे हे न सांगता कळतं. मी ‘उठलेली वस्ती’ लिहीन आणि गवतातल्या उंचवट्यांना ‘जुनं गावठाण’.

प्रतिसाद

‘बेचिराख’चाही विचार व्हावा. मूळ फारसी ‘बे-चिराग’, म्हणजे जिथे दिवा लागत नाही ते. महसुली भाषेत वस्ती नसलेलं मौजे म्हणजे बेचिराग मौजे, त्यात जाळपोळीचा काही संबंध नाही. पुढे ‘चिराग’चा ‘चिराख’ झाला, लोकांना त्यात ‘राख’ ऐकू येऊ लागली आणि अर्थ जळण्याकडे सरकला.

प्रतिसाद

म्हणूनच इथे तो नको. बॅरींचा वाडा १८८७ मध्ये खरोखरच जळाला. ‘बेचिराख गाव’ लिहिलंत तर वाचक समजेल की गाव आगीत गेलं. वस्ती त्याच्या कितीतरी आधीच विरळ झाली होती. शिवाय त्या आगीला एक दंतकथा चिकटली आहे. २४ डिसेंबर १८७४ ला गावाजवळ रेल्वेचा डबा घसरून ३४ माणसं गेली, वाड्यातल्यांनी जखमींना दार उघडलं नाही, म्हणून शाप लागला, असं लोक सांगतात. ते दंतकथा म्हणूनच द्या. अपघात मात्र खरा आहे, डब्याच्या चाकावरची लोखंडी धाव तुटली होती.

प्रतिसाद

‘पांढरी’ का नको? काळी म्हणजे शेत, पांढरी म्हणजे वस्तीची जागा. संशोधक ‘पांढरीचं टेकाड’ म्हणतातच.

प्रतिसाद

शब्द फार सुंदर आहे, पण तो आपल्या मातीचा. पिढ्यान्‌पिढ्या मातीची घरं पडून नि चुलीची राख मिसळून जमीन पांढुरकी होते, त्यावरून तो आला. चारवेलकाठच्या ओल्या हिरवळीवर तो उपरा दिसेल. ‘गावठाण’ला ती अडचण नाही.

आता आकड्यांचं. सरसकट ‘लोकसंख्या’ अजिबात लिहू नका. १०८६ च्या डूम्सडे नोंदीत, म्हणजे इंग्लंडच्या राजाने करवलेल्या जमीन-मालमत्तेच्या पाहणीत, कुटुंबप्रमुख मोजले आहेत, बायकामुलं नाहीत. १४२८ मध्ये हॅम्प्टन गेला कर माफ झाला, कारण गावात दहाहून कमी कुटुंबप्रमुख होते. ‘लोकसंख्या दहाच्या आत’ लिहिलंत तर गाव होतं त्याच्या चौथाई-पाचवाई होऊन बसेल. इथे आपला ‘उंबरा’ चपखल बसतो: ‘दहा उंबरेही नव्हते’. १६६२ पासून काही वर्षं इंग्लंडात चुलींवर कर होता, त्याला ‘चूलपट्टी’ म्हणा. पण तिथे जपून, कारण मराठीत एक चूल म्हणजे एक कुटुंब आणि त्या करात श्रीमंताच्या घरातल्या पाच-दहा शेकोट्या वेगवेगळ्या मोजल्या जात.

माणूस न्‌ माणूस मोजायला देशभर सुरुवात झाली १८०१ मध्ये. ती ‘शिरगणती’. ‘खानेसुमारी’ आपण जनगणनेलाच वापरत आलो, तरी शब्दाचा मूळ अर्थ घरमोजणी. ‘जनगणना’ १८०१ पासूनच्या आकड्यांसाठी राखून ठेवा.

प्रश्नकर्ता

मनापासून आभार. ‘उठलेली वस्ती’, ‘जुनं गावठाण’ आणि ‘उंबरे’ पक्के केले. एक राहिलं: शेजारीच हॅम्प्टन पॉयल आहे. त्यांना बुद्रुक-खुर्द म्हणू का?

प्रतिसाद

नको. बुद्रुक म्हणजे मोठं, खुर्द म्हणजे लहान. ही दोन्ही गावं ओळखली जातात ती गे आणि द ला पॉयल या मालक घराण्यांवरून. ‘गे यांचं हॅम्प्टन’ असं एकदा उलगडून सांगा आणि पुढे मूळ नावंच ठेवा.