नुसत्या साखरेचं काम नाही हे

केक-बिस्किटांची ओढ म्हणजे निव्वळ साखरेचं व्यसन, हे अनेकांचं मत मला अर्धंच पटतं. तसं असतं तर तल्लफ आल्यावर आपण डबा उघडून चमचाभर साखर तोंडात टाकली असती. खरी मेख साखर-मैद्याच्या जोडीला असलेल्या लोण्यात आहे. कर्बोदकं आणि स्निग्धांश दोन्ही एकत्र आणि भरपूर, असं निसर्गात फारसं सापडत नाही. आईचं दूध हा ठळक अपवाद. २०१८ साली 'सेल मेटाबॉलिझम' या विज्ञान-नियतकालिकात आलेल्या एका प्रयोगात, कॅलरी सारख्याच असूनही, हे दोन्ही घटक असलेल्या खाऊसाठी लोक जास्त पैसे मोजायला तयार होते.

शिवाय वासाला विसरून कसं चालेल? साधारण १४० अंश सेल्सिअसच्या पुढे साखर आणि प्रथिनांची मेलार्ड अभिक्रिया जोरात होते, बिस्किटाच्या कडा तपकिरी होतात आणि तो खमंग दरवळ सुटतो. पोट भरलेलं असलं तरी तोंडाला पाणी सुटतं ते त्यामुळे. म्हणूनच 'त्याऐवजी फळ खा' हा सल्ला चांगला असूनही अनेकांना पुरत नाही. फळात गोडवा असतो. लोणी नसतं आणि भाजल्याचा खमंगपणाही नसतो.