ट्रॅव्हलर कॅम्परसाठी सोलर आणि बॅटरी वाढवायची आहे, सल्ला हवा (बजेट ४५ हजार)

चाकावरची
नमस्कार मंडळी. फोर्स ट्रॅव्हलरचा कॅम्पर आहे, वायरिंग १२ व्होल्टचं. टपावर १०० वॅटचा एक पॅनेल आडवा बसवलेला, २० अँपचा पीडब्ल्यूएम कंट्रोलर (पॅनेलवरून बॅटरी चार्ज करणारा साधा प्रकार), मागच्या सीटखाली १५० एएचची (अँपिअर-तास) ट्युब्युलर, म्हणजे पाण्याची लेड-अॅसिड बॅटरी. चालतं ते असं: ४० लिटरचा कॉम्प्रेसर फ्रिज चोवीस तास, रात्रभर बीएलडीसी (कमी वीज खाणारा) पंखा, एलईडी दिवे, दोन फोन, एक लॅपटॉप. एसी नाही, इंडक्शन नाही, नकोही आहे. एका जागी जास्तीत जास्त दोन रात्री. दुसऱ्या रात्री तीनच्या सुमाराला फ्रिज एरर दाखवून बंद पडतो. फिरणं बहुतेक कोकण आणि घाटमाथा, पावसाळ्यातही. ऑक्टोबरात स्पीतीचा बेत आहे. बजेट ४५ हजार, मजुरी धरून. काय बदलू?

सह्याद्री_डिझेल
१०० वॅट म्हणजे खेळणं आहे ताई. घराच्या गच्चीवर लावतात तो ५४० वॅटचा मोनो पर्क घ्या आणि टपावर टाका. वॅटमागे त्याहून स्वस्त काही मिळत नाही. माझ्या गाडीवर तोच आहे, एप्रिलमध्ये दुपारी बाराला बॅटरी फुल. सोबत २०० एएच लिथियम आणि २००० वॅटचा प्युअर साइन इन्व्हर्टर (बॅटरीवरून घरासारखी वीज देणारा). एकदाच काय ते करा.

कोल्हापुरी_अँपिअर
५४० वॅटचा पॅनेल साधारण २.२८ बाय १.१३ मीटर आणि २८ किलोच्या आसपास असतो. टपावर व्हेंट असेल तर तो मध्ये येतो, आधी टेप लावून बघा. दुसरं म्हणजे तो १२ व्होल्टचा पॅनेल नाही. काम करताना ४१ व्होल्ट आणि १३ अँप, उघडा (काही जोडलेलं नसताना) व्होल्टेज ४९ च्या पुढे. ताईंचा पीडब्ल्यूएम तसाच ठेवला तर तो पॅनेलला बॅटरीच्या व्होल्टेजवर खाली ओढणार, म्हणजे १३ अँप गुणिले १३ व्होल्ट, जेमतेम १७० वॅट. तेही कंट्रोलर तेवढा व्होल्टेज सोसत असेल तर, स्वस्तातले बरेचसे सोसत नाहीत. एमपीपीटी (पॅनेलची पूर्ण ताकद काढणारा कंट्रोलर) घ्यायचा तर १०० व्होल्ट ५० अँपचा लागेल. आणि बजेट ४५ हजार लिहिलंय हो त्यांनी.

सह्याद्री_डिझेल
बजेट वाढवता येतं.

टपावर_पंखा
काहीही करा, तो वाकणारा पातळ पॅनेल घेऊ नका. टपाला चिकटवला की खालून हवा मिळत नाही. उन्हात पॅनेल ६५ अंशांवर गेला तर १५ टक्के वॅट तिथेच गेले, आणि पत्रा थरथरून सेलला बारीक तडे जातात ते वेगळंच. काचेचाच घ्या, खाली बोट-दीड बोट फट ठेवा. टपाला भोकं पाडायची नसतील तर झेड ब्रॅकेट सिकाफ्लेक्स २५२ ने चिकटवा. रंग घासून, प्रायमर मारून, आणि पूर्ण पकड येईपर्यंत गाडी घाटात न्यायची नाही. कोकणातल्या खाऱ्या हवेत अॅल्युमिनियमच्या फ्रेमला साधा लोखंडी बोल्ट लावला की सांधा खातो. स्टेनलेस बोल्ट आणि नायलॉनचा वॉशर.

वायरमन_नगरकर
पॅनेल, लिथियम सगळं ठीक आहे. फ्रिज का बंद पडतो ते बघितलं का कुणी? ताई, एवढं करा. कॉम्प्रेसर चालू असताना मल्टीमीटरने दोन ठिकाणी व्होल्टेज घ्या, एकदा बॅटरीच्या टोकांवर आणि एकदा फ्रिजच्या प्लगजवळ. दोन आकडे इथे टाका. वायर किती स्क्वेअरची (चौरस मिलिमीटर जाडी) आणि किती लांब तेही सांगा. फ्रिजच्या मेनूत बॅटरी प्रोटेक्शन, म्हणजे बॅटरी किती उतरली की फ्रिज बंद व्हायचा ती सेटिंग, एच, एम, एल (हाय, मीडियम, लो) यापैकी कशावर आहे?

फुकटचा_सल्ला
लिथियम नको रे बाबा. स्कूटरी पेटतात रोज. झोपायच्या जागेखाली आग घेऊन फिरायचं का?

कोल्हापुरी_अँपिअर
स्कूटरमध्ये बहुतेक एनएमसी (निकेल-मँगनीज-कोबाल्ट) रसायन होतं. कॅम्परला घेतात ती एलएफपी, म्हणजे लिथियम आयर्न फॉस्फेट. ती तशी सहजासहजी भडकत नाही. धोका असतो तो शॉर्टचा. अशी बॅटरी शॉर्ट झाली तर क्षणात शेकड्यांनी अँप सोडते आणि वायर पेटते. म्हणून फ्यूज डीसीचाच हवा. घरातल्या एसी करंटचा एमसीबी (आपोआप पडणारा स्विच) बॅटरीच्या डीसी करंटची ठिणगी तोडेलच असं नाही. आणि भीतीच बाळगायची तर बंद गाडीत सीटखाली असलेल्या पाण्याच्या ट्युब्युलरची बाळगा, चार्ज होताना ती हायड्रोजन सोडते.

फुकटचा_सल्ला
ट्युब्युलर आमच्या घरी सात वर्षं चालली, काही झालं नाही.

टपावर_पंखा
घर घाटात वळत नाही.

मिशिगनकर
इथे सगळे आता ४८ व्होल्टवर गेलेत. वायर बारीक लागते, लॉसेस कमी. मायक्रोवेव्ह, एसी सगळं चालतं. १२ व्होल्टमध्ये पैसे घालणं चूक वाटतं मला.

वायरमन_नगरकर
त्यांचा फ्रिज, पंखा, दिवे सगळं १२ चं आहे. ४८ घेऊन परत १२ करायला कन्व्हर्टर लावायचा, आणि एवढा खटाटोप कशासाठी, तर ५० वॅटच्या फ्रिजसाठी.

चाकावरची
मोजलं. बॅटरीवर १२.१, फ्रिजच्या प्लगजवळ ११.१. वायर १.५ स्क्वेअरची, एका बाजूने ६ मीटर. प्लग सिगारेट लायटरचा. प्रोटेक्शन एच वर आहे.

वायरमन_नगरकर
सापडलं की. जाऊन-येऊन १२ मीटर, १.५ स्क्वेअरचा तांब्याचा रोध ०.१४ ओहम. फ्रिज ५ अँप घेतो, म्हणजे ०.७ व्होल्ट वायरीतच गेले. उरलेले ०.३ त्या लायटर सॉकेटमध्ये, त्याची स्प्रिंग तापत असेल, हात लावून बघा. एच वर फ्रिज ११ च्या आसपास कापतो, म्हणजे बॅटरीत जीव असतानाच बंद. ६ स्क्वेअरची वायर टाका, गळती ०.१८ वर येईल. लायटर काढून अँडरसन कनेक्टर (जास्त अँप सोसणारा घट्ट प्लग) बसवा. तांबंच घ्या, तांब्याचा मुलामा दिलेली अॅल्युमिनियम वायर चाकूने खरवडली की पांढरी दिसते. आणि प्रोटेक्शन एल वर टाकून मोकळं व्हा असं कुणी सांगेल, त्याचं ऐकू नका, ट्युब्युलर मारायची ती खात्रीची रीत आहे.

कोल्हापुरी_अँपिअर
वायर बदलाच, पण हिशेब तरीही तुटीचा आहे. फ्रिज उन्हाळ्यात ५०० ते ६०० वॅट-तास, पंखा १८०, लॅपटॉप १५०, दिवे-फोन ८०. दिवसाला हजार धरा. आडवा १०० वॅट पीडब्ल्यूएमवर स्वच्छ उन्हात ३०० देईल, पावसाळ्यात त्याच्या निम्मेही नाही. रोजची तूट ७०० किंवा जास्त. १५० एएच ट्युब्युलर अर्ध्यापर्यंतच वापरायची म्हटलं तर ९०० हातात. दुसरी रात्र पुरत नाही ती यामुळेही. माझ्या मते १६५ वॅटचे दोन काचेचे पॅनेल, पॅरललमध्ये, म्हणजे झाडाची सावली एकावर आली तरी दुसरा चालतो. ३० अँपचा एमपीपीटी. बॅटरी यंदा राहू द्या.

सह्याद्री_डिझेल
५४० चा एकच घेतला असता तर हा पॅरललचा प्रश्नच आला नसता.

टपावर_पंखा
कोल्हापूरकरांशी सहमत. दोन १६५. खाली फट ठेवा हे परत सांगतो.

फुकटचा_सल्ला
टपावर एवढं चढवलंत तर आरटीओ पकडेल. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ वाचा.

टपावर_पंखा
कलम ५२ गाडीत केलेल्या फेरफारांचं आहे. गाडी कॅरव्हॅन म्हणून आरसीवर असेल तर तो प्रश्न आरटीओतच विचारावा, इथे नको.

चाकावरची
सगळ्यांचे आभार. बराच विचार करून ठरवलं ते असं. नवा पॅनेल घेत नाही. आमचा मुक्काम बहुतेक झाडाखाली आणि ढगाखाली, टपावर ३३० वॅट असून उपयोग नाही. पण गाडी दोन दिवसांत एकदा तरी दोन-तीन तास चालते, आणि आत्ता अल्टरनेटरचा (इंजिनवर वीज बनवणारा) मागच्या बॅटरीशी काहीच संबंध नाही. म्हणून ३० अँपचा डीसी-डीसी चार्जर (अल्टरनेटरवरून मागची बॅटरी चार्ज करणारा), १०० एएच एलएफपी आणि सगळं वायरिंग नवीन. ट्युब्युलर घरच्या इन्व्हर्टरला जाईल. १०० वॅट आहे तो राहू दे.

सह्याद्री_डिझेल
म्हणजे सोलरच्या धाग्यावर सोलर नाही. छान.

मिशिगनकर
४८ व्होल्टचा डीसी-डीसी पण येतो बरं का.

कोल्हापुरी_अँपिअर
पटलं नाही, एका जागी दोन दिवस राहिलात आणि पाऊस लागला की १२८० वॅट-तास दीड दिवसात संपतील. पण घेतच असाल तर लिथियम आणि डीसी-डीसी ही जोडी बरोबर आहे. ट्युब्युलरला १५ ते २० अँपच सोसतात आणि शेवटचा भाग ती रेंगाळत घेते, लिथियम ३० चे ३० घेते. दोन तासांत ८०० वॅट-तास आले. लिथियम थेट अल्टरनेटरला जोडायची कधीच नाही, तो तापून जळतो आणि मध्येच बीएमएसने (बॅटरीतलं संरक्षक सर्किट) तोडलं तर डायोड उडतात. गाडी बीएस६ (नव्या प्रदूषण नियमांची) असेल तर अल्टरनेटर मुद्दाम व्होल्टेज खाली आणू शकतो. चार्जरला इंजिन चालू आहे हे कळायला इग्निशनची वायर द्या, नुसत्या व्होल्टेजवर सोडू नका. पीडब्ल्यूएममध्ये लिथियमची सेटिंग असेल तर ती, नसेल तर चार्जिंग १४.२ व्होल्ट, फ्लोट (भरल्यावर टिकवायचा व्होल्टेज) १३.५ आणि इक्वलायझेशन (मुद्दाम जादा व्होल्टेजचा चार्ज) बंद. ते चालू राहिलं तर १४.६ च्या वर बीएमएस तोडणार.

चाकावरची
स्पीतीत थंडीचं काय?

कोल्हापुरी_अँपिअर
शून्य अंशांखाली एलएफपी डिस्चार्ज चालतो, चार्ज नाही. सेलवर लिथियमचा थर बसतो आणि तो परत निघत नाही. स्पीतीतल्या काझाला ऑक्टोबरात रात्री पारा शून्याखाली असतो. लो-टेम्परेचर चार्ज कट-ऑफ असलेलीच बॅटरी घ्या, दुकानदाराकडून डेटाशीट मागा, तोंडी शब्दावर जाऊ नका. बॅटरी केबिनच्या आत ठेवा. सकाळी निघताना गाडी तापेपर्यंत चार्जर बंद ठेवायला त्या इग्निशनच्या वायरीत एक स्विच टाका.

चाकावरची
हे लिहून घेतलं. पुढच्या बॅटरीपासून मागे ६ मीटर आहे, वायर आणि फ्यूज किती?

वायरमन_नगरकर
१६ स्क्वेअर, पॉझिटिव्ह आणि निगेटिव्ह दोन्ही, चासीवर अर्थ करून भागवू नका. पुढच्या बॅटरीजवळ ६० अँप, चार्जरच्या कागदावर वेगळा आकडा असेल तर तो. मागच्या बॅटरीजवळ दुसरा फ्यूज, कारण त्या टोकालाही बॅटरीच आहे. दोन्ही फ्यूज पॉझिटिव्ह टोकापासून वीतभर अंतरात. मध्ये कुठेतरी लावला तर टोकापासून फ्यूजपर्यंतची वायर उघडीच राहते. लग (वायरीच्या टोकाची धातूची कडी) हायड्रॉलिक क्रिंपरने दाबून घ्या, हातोडीने ठोकणारा भेटला तर दुसरा माणूस बघा.