थेरपीला पहिल्यांदा गेलात तेव्हा काय झालं? पुणेकरांचे अनुभव

अर्धाकप

परवा मैत्रिणीने विचारलं, "तिथे जाऊन नेमकं बोलायचं तरी काय?" तीन वर्षं जातेय, पण मला धड सांगता येईना. म्हणून हा धागा. खासगी मानसशास्त्रज्ञाकडे पहिल्यांदा गेलात तेव्हाचं लिहा: शोधलं कसं, पैसे किती, पहिल्या तासात काय झालं. नाव मात्र कुणाचंही नको, अनुभव चांगला असो की वाईट.

माझ्यापासून सुरुवात करते. कर्वे रोडच्या आतल्या गल्लीत, दुसरा मजला. फोनमध्ये अकरा मुद्दे लिहून नेले होते. आत गेले तर टेबलावर टिश्यूचा डबा. त्याचाच राग आला, म्हणजे मी रडणार हे यांनी आधीच धरून चाललंय! मग दोन पानी संमतीपत्र. बाईंनी ते वाचून समजावलं: इथलं बोलणं बाहेर जात नाही, अपवाद म्हणजे माझ्या किंवा दुसऱ्या कुणाच्या जिवाला धोका असेल तेव्हा, लहान मुलावर अत्याचार होत असेल तेव्हा, किंवा कोर्टाने मागितलं तर. नंतर प्रश्न. झोप, भूक, घरात कोण कोण, आईकडे कुणाला असा त्रास होता का, थायरॉइड तपासलंय का. पन्नास मिनिटं संपली आणि माझ्या अकरांपैकी एकही मुद्दा निघाला नव्हता. खाली आले, ॲक्टिव्हाला किल्ली लावली आणि तिथेच हुंदका फुटला. वॉचमनकाकांनी न विचारता पाण्याची बाटली दिली.

मुद्दे पुढे यथावकाश निघाले. सातवा अजून बाकी आहे.

रात्रपाळी

मी हिंजवडीत. कंपनीतर्फे सहा सेशन फुकट होती, पण एचआरला कळेल या भीतीने वर्षभर घेतली नाहीत. शेवटी स्वतःच्या पैशाने ऑनलाइन सुरू केलं, तासाचे चौदाशे. घरी आईबाबा, भिंती पातळ, म्हणून सोसायटीच्या पार्किंगमध्ये गाडीत बसून बोलायचो. मे महिन्यात काचा बंद करून. नैराश्यावरचे उपचार की सौना, तेच कळेना.

सुरुवातीला नऊ प्रश्नांची एक प्रश्नावली भरून घेतली. प्रत्येकाला शून्य ते तीन गुण, म्हणजे जास्तीत जास्त सत्तावीस; गुण जितके जास्त तितका त्रास जास्त. माझे सतरा आले. मॅडम म्हणाल्या, हा ताप मोजण्यासारखा प्रकार आहे, ताप कशाचा ते यातून कळत नाही. तिसऱ्या सेशनला मी विचारलं, "रूट कॉज काय निघालं?" त्या हसल्या. मला ते तेव्हा झोंबलं होतं.

गृहपाठही असतो, हे कुणी सांगत नाही. वहीत तीन रकाने: काय घडलं, तेव्हा मनात काय आलं, मग काय वाटलं. "मॅनेजरने मेलला उत्तर दिलं नाही" आणि "माझी नोकरी गेली" यांच्यामध्ये मी काय काय भरतो, ते लिहिल्यावरच दिसलं. चार महिन्यांनी गुण नऊ. मधे एकदा बारावरून पंधरा झाले होते, तेव्हा सगळं सोडणार होतो.

सदाशिवपेठी आजोबा

वय ६९. पत्नी गेल्यावर मी जेवण जवळजवळ सोडलं होतं. सूनबाईने परस्पर वेळ घेतली. तिथल्या मनोरुग्णालयामुळे आमच्या पिढीत 'येरवडा' हा पत्ता नव्हता, धमकी होती. त्यामुळे मी आधी घरात रीतसर भांडण केलं.

समोर नातीच्या वयाची मुलगी. पहिल्या दिवशी मीच तिची मुलाखत घेतली. शिक्षण काय, कुठे, अनुभव किती. तिने न चिडता पुनर्वास परिषदेच्या नोंदणीचं प्रमाणपत्र दाखवलं आणि म्हणाली, "काका, हे सगळ्यांनीच विचारायला हवं." मग विचारलं, "दिवसातली कुठली वेळ जास्त जड जाते?" मी म्हटलं, दुपारी चार. चहाची. त्यानंतर बराच वेळ दोघेही गप्प होतो. गप्प बसण्याचेही पैसे लागतात, हे सूनबाईला मी सांगितलेलं नाही.

नाव सांगत नाही

माझा वाईट अनुभव. पाटी 'समुपदेशन तज्ज्ञ' अशी होती. दुसऱ्याच भेटीत त्या म्हणाल्या, "एक मूल होऊ द्या, मग विचार करायला वेळच मिळणार नाही." मी मूल गमावल्यानंतर गेले होते. ते पहिल्या भेटीत सांगितलेलं होतं. तरी मी तिसऱ्यांदा गेले, कारण त्यांना वाईट वाटेल असं मला वाटलं! पुढे दीड वर्ष कुणाकडेच गेले नाही.

आताच्या ताईंना फोनवरच तीन प्रश्न विचारले: तुमचं प्रशिक्षण काय, अशा दुःखावर आधी काम केलंय का, आणि नाही जमलं तर दुसऱ्या कुणाकडे पाठवाल का. तिसऱ्याला त्या पटकन "हो, नक्की" म्हणाल्या, तेव्हाच ठरवलं.

पलीकडची खुर्ची

मी याच व्यवसायात आहे, म्हणून थोडी माहिती. मानसोपचारतज्ज्ञ हे डॉक्टर, गोळ्या तेच देतात. आम्ही मानसशास्त्रज्ञ गोळ्या देत नाही. चिकित्सा मानसशास्त्रज्ञाची (क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट) नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते, ती जरूर पाहा. 'समुपदेशक' ही पाटी मात्र तीन महिन्यांचा कोर्स केलेलाही लावतो. एम.ए. करून नीट देखरेखीखाली शिकलेले उत्तम समुपदेशक पुष्कळ आहेत, त्यामुळे पाटीपेक्षा प्रश्न विचारलेले बरे.

विम्याबद्दल मला फार लोक विचारतात. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने विमा कंपन्यांना शारीरिक आजाराप्रमाणेच मानसिक आजारालाही संरक्षण देणं बंधनकारक केलं. पण बहुतेक पॉलिसी दाखल झाल्यावरच्या खर्चाच्या असतात, म्हणून दर आठवड्याची फी साधारणपणे खिशातूनच जाते. झेपत नसेल तर सरळ सांगा. आमच्यापैकी बरेच जण काही जागा कमी फीवर ठेवतात. ससूनमध्ये मानसोपचार विभाग आहे. सरकारची टेलिमानस ही फोनवरची समुपदेशन सेवा १४४१६ वर, मोफत आणि चोवीस तास. जीव नकोसा वाटत असेल तर पुढच्या आठवड्याच्या अपॉइंटमेंटची वाट पाहू नका.

@नाव सांगत नाही: जे झालं ते चूक होतं.

भिशीवाली

मी घरी "योगाच्या क्लासला जाते" म्हणून सांगितलंय. पंधरा दिवसांतून एकदा, हजार रुपये, भिशीतून. परवा सासूबाई पाहुण्यांसमोर म्हणाल्या, "हिला विचारा, कंबरेला कुठलं आसन चांगलं!" रात्री यूट्यूबवर बघून तीन आसनं शिकले. आता त्या रोज करतात आणि त्यांची कंबर खरंच बरी आहे.

थेरपीत हे सांगितलं. बाई मनापासून हसल्या, मग विचारलं, "आणखी कुठे कुठे असं दुसरंच नाव देऊन जाता?" त्यावरच आमचे पुढचे तीन तास गेले.

गुरुवार ५ वाजता

सगळं वाचलं. माझी या गुरुवारी पहिली वेळ आहे, प्रभात रोडला. दोनदा रद्द केलीय, आता तिसऱ्यांदा करायला लाज वाटते. एकच प्रश्न: मुद्दे लिहून नेऊ का?

अर्धाकप

न्या की. निघाले नाहीत तरी हातात धरायला काहीतरी असतं. आणि पहिल्या दिवशी स्कूटर नको, रिक्षाने जा.