मदत हवी आहे: ब्रुसेलोसिसची औषधं संपली तरी वडिलांचा रिपोर्ट पॉझिटिव्ह, लस दिलेली कालवडही पॉझिटिव्ह

माळरान:

नमस्कार मंडळी. आमचा गोठा फलटण तालुक्यात आहे. एचएफ (होल्स्टीन फ्रिजियन) संकरित गायी आणि दोन म्हशी. घरात सध्या ब्रुसेलोसिस या एकाच आजाराचे (जनावरांकडून माणसांना होणारा जंतूंचा आजार) माणसांचे आणि जनावरांचे रिपोर्ट येऊन पडलेत आणि त्यांचा अर्थ लागत नाहीये. इथे पशुवैद्यक आणि प्रयोगशाळेत काम करणारी मंडळी आहेत, म्हणून सविस्तर लिहितो.

पावसाळ्यात आमची एक गाय सातव्या महिन्यात गाभडली (गर्भपात झाला). जारही (वार) पडला नाही. अण्णांनी (वडील) नेहमीप्रमाणे हात घालून तो काढला. पुढे काही आठवड्यांनी अण्णांना ताप सुरू झाला. संध्याकाळ झाली की हुडहुडी भरायची, रात्री अंथरूण भिजेल इतका घाम यायचा आणि सकाळी गडी उठून धारा काढायला तयार! त्यामुळे सुरुवातीला कुणी फार मनावर घेतलं नाही. मग टायफॉइड म्हणून गोळ्या झाल्या, सलाईन झालं. ताप जायचा, पुन्हा यायचा. शेवटी कंबर धरली तेव्हा साताऱ्यातल्या एका डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न विचारला, "घरी एखादं जनावर गाभडलंय का?" रक्त तपासलं. ब्रुसेलाचा, म्हणजे या आजाराच्या जंतूचा, टायटर (रक्त कितीपट पातळ केलं तरी चाचणी पॉझिटिव्ह येते तो आकडा) १:६४० आला.

डॉक्सिसायक्लिन आणि रिफॅम्पिसिन असा सहा आठवड्यांचा कोर्स दिला. लघवी नारिंगी झाली तेव्हा आई घाबरली होती, पण ते रिफॅम्पिसिनमुळे होतं असं डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. कोर्स पूर्ण झाला. ताप नाही, घाम नाही, भूक परत आली, कंबरही बरी आहे. आता पुन्हा तपासलं तर टायटर १:१६० आणि समोर जाड अक्षरात "पॉझिटिव्ह". लॅबमधला माणूस म्हणाला, "जंतू अजून अंगात आहे." तेव्हापासून अण्णा जेवत नाहीत नीट. खरंच आहे का जंतू? पुन्हा औषधं चालू करायची का?

दुसरा प्रश्न गोठ्याचा. गाभडलेली गाय 'रोज बेंगाल' नावाच्या रक्ताच्या चाचणीत पॉझिटिव्ह आली. तिला लहानपणी लस दिलेली नव्हती, ती बाजारातून आणलेली आहे. पण घरचीच चौदा महिन्यांची एक कालवड आहे, तिला सरकारी मोहिमेत सहाव्या महिन्यात लस टोचली होती, कानात बिल्ला आहे. तीही पॉझिटिव्ह! लस देऊनही रोग झाला का? मग लसीचा उपयोग काय?

आणि सगळ्यात जास्त काळजी वहिनीची आहे. पाचवा महिना चालू आहे आणि गोठ्यातलं अर्धं काम तीच करते. घरात सगळे दूध तापवूनच पितात, अण्णा सोडून. त्यांना धारोष्ण दूध लागतं. माणसांसाठी लस मिळते का काही?

---

खिल्लार_प्रेमी:

दादा, आमच्याकडे असंच झालं होतं. गाय गाभडली, पण पुढच्या वेताला अगदी व्यवस्थित व्यायली, दूधही चांगलं दिलं. आपोआप बरी होते गाय. फार तर बाजार दाखवा आणि मोकळे व्हा.

---

पशुवैद्य_निवृत्त:

खिल्लार_प्रेमी, तुमचा सल्ला मनापासून आहे हे कळतं, पण तो कुणी पाळू नये म्हणून आधी त्यावरच लिहितो. पहिल्या गर्भपातानंतर गायीच्या शरीरात काही प्रमाणात प्रतिकारशक्ती तयार होते. त्यामुळे पुढची वेतं बहुतेक वेळा पूर्ण दिवसांची होतात. पण ही प्रतिकारशक्ती जंतूला हाकलून देत नाही, फक्त दाबून ठेवते. कासेत आणि लसिकाग्रंथींत तो राहतो. गाय पुन्हा विते तेव्हा जारातून, गर्भजलातून आणि पुढे दुधातून बाहेर पडतो. मालकाला वाटतं गाय बरी झाली, आणि ती दर वेताला गोठा बाटवत राहते. अशी गाय बाजारात नेली की दुसऱ्याचं घर लागतं. माळरान, तुमची गायही बाजारातूनच आली होती, हे विसरू नका. प्राण्यांच्या साथरोगांच्या २००९च्या कायद्यात ब्रुसेलोसिस आहे, त्यामुळे तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात हे कळवणं तुमचं कामच आहे. गायीला औषध देऊन हमखास बरं करता येत नाही. आपल्या राज्यात गाय कत्तलीला जात नाही, म्हणजे तिला कायमची वेगळी बांधणं आणि वेगळी विऊ देणं हाच मार्ग उरतो. खर्चिक आहे, जागा लागते, मला माहीत आहे.

आता कालवड. इथे घाई करू नका. २०१९पासून राष्ट्रीय कार्यक्रमात चार ते आठ महिन्यांच्या माद्या वासरांना आयुष्यात एकदाच जी लस देतात ती एस-१९, म्हणजे ब्रुसेलाचाच एक दुबळा पण जिवंत वाण. त्याच्या अंगावर साखरेच्या कणांची जी साखळी असते, ती रोगाच्या जंतूवरही तशीच असते. रोज बेंगाल चाचणी त्या साखळीविरुद्धच्या अँटिबॉडी शोधते. त्या लसीने आल्या की रोगाने, हे तिला कळत नाही. लहान वयात टोचलेल्या वासरांत या अँटिबॉडी हळूहळू उतरतात, म्हणून दीड-दोन वर्षांच्या आत आलेल्या पॉझिटिव्हवरून निर्णय घ्यायचा नसतो. चौदाव्या महिन्यात पॉझिटिव्ह येणं अगदी शक्य आहे. तोवर वेगळी बांधा, दोन वर्षांची झाल्यावर पुन्हा रक्त द्या. शक्य झाल्यास सोबत कॉम्पिटिटिव्ह एलायझा (अँटिबॉडी शोधणारी दुसरी चाचणी) करून घ्या, लस आणि लागण यांत फरक करायला ती जास्त उपयोगी पडते.

याच्या उलटही होतं. गाय गाभडल्या-गाभडल्या रक्त घेतलं तर कधी कधी निगेटिव्ह येतं, कारण अँटिबॉडी अजून चढलेल्या नसतात. तीन आठवड्यांनी पुन्हा तपासल्याशिवाय गायीला निर्दोष म्हणू नका.

आणि जार. हातमोजे, गमबूट, तोंडावर फडकं याशिवाय यापुढे कुणीही हात घालायचा नाही, अगदी मीही. मेलेलं वासरू, जार आणि त्याखालचा काडीकचरा खोल खड्ड्यात चुना टाकून पुरायचा, कुत्री उकरणार नाहीत इतका खोल. लस टोचतानाही जपावं लागतं. एस-१९ची सुई स्वतःला लागून ताप काढलेले पशुवैद्यक कमी नाहीत.

---

सूक्ष्मदर्शक:

माळरान दादा, मी वैद्यकीय प्रयोगशाळेत काम करते. अण्णांना आधी हे सांगा: अँटिबॉडी सापडणं म्हणजे जंतू सापडणं नव्हे. लॅबमधल्या माणसाने बोलायला नको होतं ते बोलला.

लागण झाली की पहिल्या आठवड्याच्या सुमारास आयजीएम (सुरुवातीच्या) अँटिबॉडी येतात, दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापासून आयजीजी (नंतरच्या प्रकारच्या). उपचार यशस्वी झाले तरी या सावकाश उतरतात. बऱ्या झालेल्या माणसांत वर्षभर, कधी त्याहूनही जास्त काळ सापडतात. १:६४०वरून १:१६० ही उतरण आहे, म्हणजे चांगली खूण. ताप नाही, दुखणं नाही आणि आकडा खाली येतोय, अशा माणसाला केवळ कागदावरच्या "पॉझिटिव्ह"साठी सहसा पुन्हा औषधं देत नाहीत. अर्थात शेवटचा शब्द तुमच्या डॉक्टरांचा.

मग अँटिबॉडी इतक्या असूनही हा ताप आठवडेच्या आठवडे का रेंगाळतो? अँटिबॉडी रक्तात फिरतात आणि ब्रुसेला मात्र पेशीच्या आत जाऊन बसतो. तेही मॅक्रोफेजमध्ये, म्हणजे जंतू गिळून मारणं हे जिचं काम त्याच पेशीत! इतर अनेक जंतूंचं बाह्य कवच शरीराला लगेच सावध करतं. ब्रुसेलाचं कवच तेवढी खळबळ माजवत नाही, त्यामुळे सुरुवातीला प्रतिकारयंत्रणा ढिली राहते. गिळला गेल्यावर पेशीतल्या पाचक रसांपर्यंत तो स्वतःला पोचू देत नाही, दुसऱ्याच कप्प्यात शिरतो आणि तिथे वाढतो. त्याला तिथे गाठायचं तर प्रतिकारयंत्रणेतल्या टी पेशी लागतात. त्या इंटरफेरॉन-गॅमा हा संदेश देणारा पदार्थ सोडतात आणि त्यामुळे मॅक्रोफेजला आतला जंतू मारायचं बळ येतं. खरी लढाई ती आहे, आणि आपण मोजतो तो टायटर तिचं मोजमाप करतच नाही. औषधंही म्हणूनच पेशीच्या आत शिरणारी, दोन एकत्र आणि सहा आठवडे द्यावी लागतात. आठ दिवसांत बरं वाटलं म्हणून गोळ्या सोडणारे लोक पाहिले की जीव तुटतो. अण्णांनी कोर्स पुरा केला, हे फार चांगलं झालं.

उलटला तर हा आजार बहुतेक वेळा उपचार संपल्यावरच्या पहिल्या सहा महिन्यांत उलटतो. तेवढा काळ लक्ष ठेवा. पुन्हा संध्याकाळचा ताप, घाम, कंबर किंवा पाठीचा कणा दुखणं, अंडकोषाला सूज, दम लागणं यातलं काहीही झालं तर थेट डॉक्टर. आयजीजी उतरता उतरता परत चढली तर तीही धोक्याची सूचना. पुढच्या तपासण्या त्याच लॅबमध्ये, त्याच पद्धतीने करा, नाहीतर आकडे एकमेकांशी लावता येणार नाहीत.

वहिनींना आजच गोठ्यातून बाहेर काढा, निदान विण्याच्या आणि जार काढण्याच्या कामांतून तरी. गरोदरपणात या आजाराने गर्भपाताचा धोका असतो आणि डॉक्सिसायक्लिन त्या काळात देत नाहीत. त्यांचं रक्त तपासा आणि घरात हा आजार आहे हे स्त्रीरोगतज्ज्ञांना आपणहून सांगा, ते विचारतीलच असं नाही. लॅबला सीरम (रक्तातला पेशी वगळून उरणारा द्रव) जास्त पातळ करूनही बघायला सांगा. कधी कधी अँटिबॉडी इतक्या जास्त असतात की सुरुवातीच्या नळ्यांत चाचणी निगेटिव्ह दिसते. माणसांसाठी आपल्याकडे लस नाही. दूध उकळलं की जंतू मरतो. धारोष्ण दूध मात्र बंद, अण्णांचंसुद्धा. एकदा होऊन गेला म्हणजे पुन्हा होणार नाही, असं या आजारात नसतं.

---

माळरान:

सूक्ष्मदर्शक ताई, तुमचा प्रतिसाद अण्णांना मोठ्याने वाचून दाखवला. त्यांनी "उतरण आहे" हे दोनदा वाचायला लावलं. वहिनीची तपासणी उद्याच करतोय. गाय मळ्यातल्या जुन्या छपरात हलवतो आणि दवाखान्यात कळवतो.

डॉक्टरसाहेब, एकच राहिलं. म्हशींचं काय? आणि सगळ्या जनावरांचं रक्त काढण्यापेक्षा डेअरीच्या कॅनमधल्या दुधाची रिंग टेस्ट (दुधातल्या अँटिबॉडी शोधणारी चाचणी) केली तर भागेल का?

---

पशुवैद्य_निवृत्त:

म्हशींनाही होतो, त्यांचं रक्तच द्या. कॅनची रिंग टेस्ट गायींच्या दुधावर करा, गोठ्यात रोग आहे का एवढं कळायला ती स्वस्त आणि चांगली आहे. पण तुमच्या गोठ्यात तो आहे हे आधीच कळलंय, आता कुणाकुणाला आहे ते शोधायचंय. म्हणून प्रत्येक गायीचं रक्त. पुढे दर काही महिन्यांनी लक्ष ठेवायला रिंग टेस्ट वापरा. मात्र नुकत्याच व्यायलेल्या गायीचा चीक आणि कासदाह झालेल्या सडाचं दूध त्या नमुन्यात घेऊ नका, उगाच पॉझिटिव्ह दाखवतं. आणि चार महिने पूर्ण झालेल्या, लस न टोचलेल्या कालवडी किती आहेत ते मोजून दवाखान्यात यादी द्या. आठ महिन्यांच्या पुढे गेल्या की या मोहिमेत त्यांचा नंबर लागत नाही.