ईसीजी नॉर्मल म्हणजे सगळं नॉर्मल?

अचानक शुद्ध हरपण्याबद्दल कुणीतरी लिहिलंय, 'ईसीजी नॉर्मल आला, म्हणजे अशक्तपणाच असणार.' इथे थोडं थांबा. साधा ईसीजी जेमतेम 10 सेकंदांचे ठोके टिपतो, आणि ताल नेमका तेव्हाच बिघडेल असं थोडंच आहे! म्हणून 24 ते 48 तासांचा होल्टर (अंगावर बाळगायचं, ठोके सतत नोंदवणारं छोटं यंत्र) लावतात. महिन्यातून एखाद्या वेळीच शुद्ध हरपत असेल तर त्यातही बहुधा काही सापडत नाही; मग त्वचेखाली बसवायचा लूप रेकॉर्डर, म्हणजे दीर्घकाळ ठोक्यांवर लक्ष ठेवणारं छोटं यंत्र.

उभं राहून, रक्त बघून भोवळ येणं बहुधा निरुपद्रवी (लगेच आडवं व्हा, पाय वर). पण धावताना किंवा आडवं झोपलेलं असताना शुद्ध गेली, घरात कुणी तरुणपणी अचानक गेलं असेल, तर हृदयतज्ज्ञांना दाखवाच. आणि बघणाऱ्याने मोबाइलवर चित्रण केलं असेल तर तेही न्या. फीट की भोवळ, हे ठरवायला फार उपयोगी पडतं.